थांबलेल्या चित्राला चालायला कसं शिकवावं: प्राथमिक वर्गासाठी पाच उपक्रम

मुलांच्या हातात टॅबलेट दिला की काही सांगायच्या आतच बोटं पडद्यावर फिरू लागतात. पण त्या पडद्यावरचं मांजर चालतं कसं, असं विचारलं की वर्ग गप्प होतो. कुणी म्हणतं आत मशीन असतं, कुणी म्हणतं बॅटरीमुळे. हा प्रश्न पकडूनच पुढचे उपक्रम करून घ्यायचे आहेत. सगळे एकाच धाग्यात आहेत: चित्र हलत नाही, थोडीथोडी वेगळी चित्रं भराभर समोरून जातात आणि आपला मेंदू त्यांची हालचाल करून टाकतो.

पहिले दोन उपक्रम कागदाचे आहेत. ते गाळून थेट फोन हातात देण्याचा मोह होतो, पण तसं करू नका. किती सरकवलं की किती वेग दिसतो, ही समज हाताला आधी यावी लागते. पूर्ण वर्गासाठी एक फोन पुरतो. तिसरी ते पाचवीची मुलं पाचही उपक्रम करू शकतात. पहिली-दुसरीला चकती आणि शेवटचा संगणकाचा भाग पुरेसा आहे.

फिरती चकती

एका तासात होणारं काम. जाड कागदाचे साधारण आठ सेंटिमीटर व्यासाचे गोल कापायचे, डाव्या आणि उजव्या कडेला एकेक भोक पाडायचं आणि दोन्हीकडे दोरा बांधायचा. एका बाजूला पिंजरा, दुसऱ्या बाजूला पक्षी. दोरे चिमटीत धरून पीळ द्यायचा आणि ताणायचे. चकती गरगर फिरते आणि पक्षी पिंजऱ्यात बसलेला दिसतो. १८२० च्या दशकात हे खेळणं युरोपात फार लोकप्रिय झालं होतं.

यात एक खोच आहे. दुसरं चित्र पहिल्याच्या मानाने उलटं, म्हणजे डोकं खाली करून काढावं लागतं, नाहीतर फिरवताना पक्षी पिंजऱ्यात उलटा लटकतो. हे मुलांना आधी सांगू नका. निम्म्या वर्गाचा पक्षी उलटा लटकू द्या. मग ‘असं का झालं?’ एवढंच विचारा. चकती हातात हळू पालथी करून पाहत मुलं उत्तर स्वतः शोधतात, आणि तो तास त्यांच्या लक्षात राहतो.

चाळवही

सहा बाय दहा सेंटिमीटरच्या चोवीस पट्ट्या कापा. कागद पातळ हवा, खालचं चित्र वर पुसट दिसेल इतका. डावी कड सारखी जुळवून स्टेपल करा. चित्रं नेहमी शेवटच्या पानापासून पुढे काढत यायची. म्हणजे आधीचं चित्र खालून दिसतं आणि किती सरकवायचं ते कळतं. चाळतानाही अंगठा शेवटच्या पानाकडून सुरू करायचा.

पहिला विषय एकच ठेवा: वरून पडणारा चेंडू. ‘हत्ती काढू का?’ असं विचारणारं मूल असतंच, त्याला सांगा की हत्ती दुसऱ्या वहीत. चेंडूच का, तर त्यात सगळं शिकून होतं. मुलं आधी चेंडू प्रत्येक पानावर सारख्या अंतराने सरकवतात. वही चाळली की तो पडल्यासारखा वाटत नाही, दोरीने सोडल्यासारखा वाटतो. आता खरा चेंडू घ्या आणि वर्गात दोन-चारदा पाडून दाखवा. पडणारी वस्तू खाली येताना वेग घेत जाते. म्हणून वरच्या चित्रांत अंतर कमी आणि खाली येताना जास्त हवं. जमिनीला टेकतो त्या एका पानावर चेंडू किंचित चपटा काढला की वहीत जीव येतो. पाठ्यपुस्तकात गुरुत्वाकर्षण पुढे कधीतरी येईल, पण ते मुलांच्या बोटांना इथेच कळलेलं असतं.

धावणाऱ्या प्राण्याचा विषय निघाला तर एडवर्ड मायब्रिज यांची गोष्ट सांगा. १८७८ साली त्यांनी ओळीने कॅमेरे मांडून धावत्या घोड्याची छायाचित्रं घेतली आणि धावताना घोड्याचे चारही पाय एका क्षणी जमिनीवरून उचललेले असतात हे दाखवून दिलं. डोळ्यांना न दिसणारी गोष्ट थांबलेल्या चित्रांनी दाखवली, हे ऐकताना मुलांचे चेहरे पाहण्यासारखे असतात.

फोनवर स्टॉप मोशन

स्टॉप मोशन म्हणजे वस्तू थोडीथोडी सरकवत दर वेळी एक फोटो काढायचा आणि मग ते फोटो भराभर दाखवायचे. हा सगळ्यांत मोठा भाग आहे. यासाठी चार-पाच तासिका राखून ठेवा.

चार-चार मुलांचे गट करा. एक जण कॅमेऱ्याचं बटण दाबेल, दोघं वस्तू हलवतील, चौथा चित्रं मोजून वहीत खुणा करेल. कामं दर वीस चित्रांनी बदलायची. नाहीतर बटण दाबणारं मूल जागा सोडत नाही.

फोन उचलण्याआधी कागदावर सहा चौकटी आखून गोष्ट काढून घ्या. गोष्ट लहान हवी: बी रुजतं, पेन्सिल खोडरबरापासून पळते, मणी गटागटाने येऊन तीनचा पाढा मांडतात. सहा चौकटींत मावत नसेल तर गोष्ट मोठी झाली आहे, छाटा. मग गणित मुलांनाच करायला द्या. चित्रपटात एका सेकंदाला २४ चित्रं असतात. आपल्याला आठ पुरेत. दहा सेकंदांच्या चित्रफितीसाठी किती फोटो लागतील? ऐंशी. या गुणाकाराला कुणीही ‘हा कशाला?’ म्हणत नाही.

मांडणी अशी करा. वस्तू जमिनीवर एका मोठ्या रंगीत कागदावर ठेवा. शेजारच्या स्टुलाच्या कडेवर फोन आडवा ठेवून त्याचा कॅमेरा बाहेर येईल असा सरकवा आणि वर जाड पुस्तक ठेवा. कागदाची चारी टोकं चिकटपट्टीने पक्की करा, स्टुलाच्या पायांभोवतीही खडूने खूण करा, कारण कुणाचा तरी पाय लागणारच. फोन एअरप्लेन मोडवर टाका. चाळिसाव्या चित्राला फोन वाजून तो थरथरला की सगळं चित्र हलतं.

उजेडाकडे बहुतेकांचं लक्ष जात नाही आणि काम तिथेच बिघडतं. खिडकीतून येणारा उजेड ढगांबरोबर कमी-जास्त होतो, त्यामुळे तयार चित्रफीत लुकलुकते. पडदे लावा, दिवे सुरू करा, आणि कॅमेऱ्याच्या पडद्यावर बोट दाबून धरून फोकस आणि प्रकाश जागच्या जागी बांधून घ्या. बहुतेक फोनमध्ये ही सोय असते. मुलांची सावली चित्रावर पडत नाही ना, तेही बघा.

‘स्टॉप मोशन स्टुडिओ’सारखं ॲप वापरलं तर मागचं चित्र पुसट दिसत राहतं, चाळवहीच्या पातळ कागदासारखंच. हे साम्य मुलांना आवर्जून दाखवा. आता एकच नियम: प्रत्येक फोटोआधी सगळ्यांनी मिळून म्हणायचं, ‘हात बाहेर!’ वस्तू एका वेळी अर्ध्या बोटाच्या रुंदीएवढीच सरकवायची. सुरुवातीला आणि शेवटी काहीही न हलवता सहा-सात फोटो घ्या, नाहीतर गोष्ट नजरेत भरायच्या आतच संपते.

माझ्या पहिल्या प्रयत्नात मी मुलांना घाई करू दिली होती. अर्धं बोट सरकवायच्या जागी त्यांनी वीतभर सरकवलं आणि पेन्सिल पळण्याऐवजी बेडकासारख्या उड्या मारू लागली. मी ते काम फेकून दिलं, याची मला अजून खंत आहे. ती चित्रफीत ठेवायला हवी होती. दोन्ही शेजारीशेजारी दाखवल्या की समजावून सांगायला काही उरत नाही.

आवाज सर्वांत शेवटी घाला. कागद चुरगाळला की आगीचा आवाज होतो, बोटं टेबलावर वाजवली की पावसाचा. मुलांचे चेहरे चित्रफितीत येऊ देऊ नका, आणि ती वर्गाबाहेर पाठवण्याआधी पालकांची परवानगी घ्या.

बियाची वाढ

हे काम स्टॉप मोशनच्या सोबतीने, मागे चालू राहतं. घेवड्याचं बी रात्रभर भिजवा आणि काचेच्या बरणीत ओल्या कागदाच्या आणि काचेच्या मध्ये ठेवा, म्हणजे मूळ फुटताना दिसतं. बरणीची आणि फोनची जागा चिकटपट्टीने आखा. रोज एकाच वेळी तीन फोटो. चौदा दिवसांत बेचाळीस फोटो होतात, म्हणजे सेकंदाला आठ चित्रं धरली तर पाच सेकंदांहून थोडी जास्त चित्रफीत. सुटीच्या दिवशी फोटो राहिला तर रोप त्या जागी उडी मारतं. ते तसंच राहू द्या, मुलं बरोबर ओळखतात, ‘इथे रविवार होता.’

दादासाहेब फाळके यांनी १९१३ साली आपला कथापट पडद्यावर आणण्याआधी हेच केलं होतं. कुंडीत वाटाणा पेरून महिनाभराहून अधिक काळ ते रोज एकेक चित्र टिपत गेले, आणि वाढणारं रोप पाहून ओळखीचे लोक थक्क झाले. ती गोष्ट सांगितल्यावर बरणीजवळ रोज सकाळी कुणी जायचं यावरून मुलांची चढाओढ लागते.

स्क्रॅचमध्ये तेच मांजर

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे या. स्क्रॅच हा एमआयटी मीडिया लॅबमध्ये तयार झालेला, २००७ साली सर्वांसाठी खुला झालेला मोफत संगणक प्रोग्राम आहे. त्यात प्रत्येक आज्ञा म्हणजे पडद्यावरचा एक ठोकळा असतो आणि ठोकळे एकमेकांना जोडून चित्राकडून काम करून घेता येतं. तो आठ वर्षांपासूनच्या मुलांसाठी आहे. पाच ते सात वयासाठी स्क्रॅच ज्युनिअर आहे, त्यात वाचता येण्याची गरज नाही. स्क्रॅच उघडताच दिसणाऱ्या मांजराला दोन पोशाख असतात, म्हणजे दोन चित्रं, पाय वेगवेगळ्या जागी असलेली. मुलांना आधी ती दोन चित्रं नुसती पाहू द्या.

मग तीन ठोकळे जोडायला सांगा: हिरवा झेंडा दाबल्यावर, सतत करा, आणि त्याच्या पोटात पुढचा पोशाख. मांजराचे पाय इतक्या वेगाने फडफडतात की वर्ग हसतो. ‘याला चालायला लावायला काय कमी आहे?’ असं विचारून थांबा. कुणीतरी म्हणतंच, ‘मध्ये थांबायला हवं.’ थांबण्याचा ठोकळा घालून ०.१ सेकंद, ०.२, ०.५ असं करून बघा, आणि मग दहा पावलं पुढे जाण्याचा ठोकळा जोडा. भिंतीला लागलं की मागे फिरण्याचा ठोकळा मुलांना स्वतः शोधू द्या.

संगणक कमी असतील तर जोड्या करा: एक ठोकळे सरकवेल, दुसरा फक्त तोंडाने सांगेल, सात मिनिटांनी अदलाबदल. सांगणाऱ्याने माउसला हात लावायचा नाही. शेवटच्या तासाला चाळवही, चित्रफीत आणि मांजर एकाच टेबलावर मांडा आणि शेजारच्या वर्गातल्या मुलांना बोलवा. त्यांना हे कसं चालतं ते सांगायचं काम तुमच्या मुलांचं. तुम्ही मागच्या बाकावर बसा.