प्रिंट वॉशर स्वच्छ कसा ठेवावा

डार्करूममध्ये, म्हणजे फोटो रसायनांनी कागदावर उमटवायच्या अंधाऱ्या खोलीत, डेव्हलपर (प्रतिमा उमटवणारं रसायन) आणि हायपो (ती पक्की करणारं रसायन, म्हणजेच फिक्सर) यांच्या ट्रेकडे सगळ्यांचं लक्ष असतं, प्रिंटमधला हायपो धुऊन काढणाऱ्या वॉशरकडे कुणाचंच नसतं. त्यात सतत पाणीच वाहतं, मग तो वेगळा धुवायचा कशाला, असा समज. पण पंधरा दिवस ओलाच पडलेला वॉशर उघडून आतल्या भिंतीवर बोट फिरवा, बुळबुळीत थर हाताला लागेल.

हा थर जिवाणूंचा असतो. प्रिंटवरचं इमल्शन, म्हणजे प्रतिमा धरणारा लेप, जिलेटिनचं. त्याचा थोडा अंश धुताना पाण्यात उतरतो आणि जिवाणूंना तेवढं खाद्य पुरतं. खोलीत उजेड येत असेल तर जोडीला शेवाळ धरतं. त्या थराचा तुकडा सुटून ओल्या प्रिंटवर बसला की पंचाईत होते, कारण भिजलेलं जिलेटिन इतकं मऊ असतं की पुसायला जावं तर ओरखडा उठतो. शिवाय पाण्याची भोकं बुजतात, पाणी सगळीकडे सारखं फिरत नाही आणि हायपो कागदाच्या तंतूंत राहून जातो. अशी प्रिंट काही वर्षांनी पिवळी पडते.

खाली सांगितलेलं मुख्यतः फायबर पेपर (नुसत्या कागदाचा, पाणी शोषणारा फोटोपेपर) धुणाऱ्यांसाठी आहे, म्हणजे उभ्या कप्प्यांचा अ‍ॅक्रिलिकचा वॉशर वापरणाऱ्यांसाठी. फक्त आरसी पेपर (प्लास्टिकचा लेप असलेला) वापरत असाल तर धुणं दोन-चार मिनिटांत आटोपतं. ट्रे खळबळून पालथा घातला तरी पुरे.

१. शेवटची प्रिंट निघाली की लगेच पाणी सोडा
‘सकाळी बघू’ म्हणून वॉशर भरलेला ठेवू नका. तळाची तोटी उघडा, तोटी नसेल तर नळीने पाणी ओढून काढा. भरलेला वॉशर उचलायचा मात्र नाही. २० लिटर पाणी म्हणजे २० किलो वजन, आणि ते सगळं चिकटवलेल्या सांध्यांवर येतं.

२. कप्प्यांच्या पट्ट्या काढून पुसा
मऊ स्पंज किंवा जुनं सुती कापड आणि साधं पाणी एवढं बस. हवा तर भांड्यांच्या साबणाचा थेंब घ्या, पण फेस पूर्ण जाईपर्यंत धुवा. तारेची किंवा हिरवी खरखरीत घासणी वापरू नका. अ‍ॅक्रिलिकवर चरे पडले की पुढचा थर त्या चऱ्यांतच घर करतो. स्पिरिट, थिनर, अ‍ॅसिटोन आणि अमोनिया असलेला काच पुसायचा द्रव यांपासूनही लांब राहा, त्यांनी अ‍ॅक्रिलिकला बारीक तडे जातात. भोकांसाठी जुना टूथब्रश उत्तम.

३. कोरडा करा
माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच. दोन सत्रांच्या मधे वॉशर खरोखर कोरडा राहिला, तर पुढच्या दोन पायऱ्यांची वेळ क्वचितच येते. दोन लाकडी पट्ट्यांवर तो तिरका पालथा घाला, म्हणजे खालून हवा खेळेल. कप्प्यांच्या पट्ट्या वेगळ्या उभ्या करा, झाकण लावू नका. नळीची दोन्ही टोकं खाली येतील अशी ती खुंटीवर टांगा. नळीतलं पाणी हमखास विसरलं जातं आणि पुढच्या खेपेला तिथूनच घाण वॉशरमध्ये येते. मुंबई-कोकणात पावसाळ्यात नुसतं पालथं घालून भागत नाही, तासभर पंखा लावावा लागतो.

४. थर धरलाच असेल तर ब्लीच
घरगुती ब्लीच, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइटचं द्रावण, १० लिटर पाण्याला साधारण १०० मिली घ्या. वॉशर आणि नळी दोन्ही भरून अर्धा तास ठेवा. हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा.

एक गोष्ट अगदी पक्की लक्षात ठेवा: ब्लीच आणि आम्ल एकत्र आलं की विषारी क्लोरीन वायू सुटतो. स्टॉप बाथ (डेव्हलपरचं काम थांबवणारं द्रावण) आम्लच, बहुतेक फिक्सरही आम्लधर्मी, आणि संडास साफ करायचं अ‍ॅसिड तर आहेच. म्हणून हे काम प्रिंटिंगच्या दिवशी, ट्रे मांडलेले असताना करू नये.

नंतर दोन-तीनदा भरून रिकामा करा. राहिलेलं क्लोरीन प्रिंटमधली, प्रतिमा घडवणारी चांदी खातं, आणि त्याचा फटका आधी हायलाइटमधल्या, म्हणजे उजळ भागांतल्या, नाजूक छटांना बसतो. शंका वाटली तर शेवटून दुसऱ्या पाण्यात चिमूटभर सोडियम सल्फाइट टाका, क्लोरीन मरतं. मत्स्यालय पाळणारे याच कामाला हायपो वापरतात. आपण मात्र तोच घालवायला वॉशर घेतलेला असतो.

५. पांढरे डाग
बोअरच्या जड पाण्याने क्षारांचे पापुद्रे धरतात. लिटरभर कोमट पाण्यात चमचाभर सायट्रिक अ‍ॅसिड विरघळवून लावा, थोड्या वेळाने पुसा. हे ब्लीचच्या दिवशी नको, कारण वर सांगितलंच आहे. पाण्यातून गाळ येत असेल तर नळाला गाळणी बसवा आणि तिचं कार्ट्रिज वेळेवर बदला.

६. वॉशरबाहेरच्या वस्तू
स्क्वीजीचं (प्रिंटवरचं पाणी निपटायच्या पट्टीचं) रबर आणि वाळवायच्या जाळ्या प्रिंटला सगळ्यात शेवटी लागतात, आणि धुवायच्या राहतात त्याही याच. अर्धवट धुतलेली एक प्रिंट जाळीवर ठेवली की तिच्यातला हायपो पुढच्या प्रत्येक प्रिंटला लागतो. जाळ्या वाहत्या पाण्याखाली धुवा. ब्लॉटिंग पेपर धुता येत नाही, डाग दिसला की फेकून द्या. हायपोच्या ट्रेमधला चिमटा वॉशरमध्ये बुडवायचा नाही.

७. पुढच्या सत्राआधी रंगाची चाचणी
वॉशर भरा, खाण्याच्या रंगाचे काही थेंब टाकून ढवळा आणि नेहमीच्या वेगाने पाणी सुरू करा. रंग पूर्ण निघून जायला किती मिनिटं लागतात ते वॉशरवरच चिकटपट्टीवर लिहून ठेवा. पुढे कधी जास्त वेळ लागू लागला, किंवा एखाद्या कोपऱ्यात रंग रेंगाळला, तर त्या बाजूची भोकं बुजली आहेत. टूथब्रश घेऊन ती मोकळी करा आणि पुन्हा रंग टाकून बघा.