सांगलीहून व्हिएन्ना-बुडापेस्ट: थंडीतली सात रात्रींची सहल कशी आखावी

डिसेंबरात युरोपला जायचं म्हटलं की घरात पहिला प्रश्न येतो, "थंडी झेपेल का?" थंडीला कपड्यांचा उपाय आहे, खरी अडचण उजेडाची. त्या दिवसांत व्हिएन्नात सूर्य पावणेआठला वगैरे उगवतो आणि चारला मावळतो. त्यामुळे यादीत पाच शहरं असतील तर तीन आत्ताच खोडा. मी व्हिएन्ना आणि बुडापेस्ट ही जोडी सुचवेन. दोन्ही डॅन्यूबकाठची आणि रेल्वेने पावणेतीन तासांच्या आत-बाहेर.

सगळ्यात आधी रात्री वाटून घ्या: व्हिएन्नात चार, बुडापेस्टात तीन. विमानाच्याही आधी हे ठरवायचं, कारण व्हिसा त्यावर अवलंबून आहे. ऑस्ट्रिया आणि हंगेरी दोन्हींना शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून असलेला, एकच व्हिसा चालतो, पण अर्ज जिथे जास्त दिवस राहणार त्या देशाकडे करायचा. दिवस सारखेच असतील तर जिथे आधी उतरणार त्याच्याकडे. आपल्या वाटणीत तो ऑस्ट्रियाकडे जातो.

अर्ज प्रवासाआधी सहा महिन्यांपासून करता येतो आणि उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी. त्या पंधरा दिवसांच्या भरवशावर मात्र राहू नका. आमच्या घरचा हिशोब सोपा आहे: श्रावणात तारखा पक्क्या, गणपती गेले की अर्ज, फराळाची कढई चढायच्या आत पासपोर्ट परत घरात. बोटांचे ठसे द्यायला व्हिसा केंद्रात स्वतः जावं लागतं, म्हणून अपॉइंटमेंट जरा उशिराची घ्या. रात्रीच्या गाडीने निघालेला माणूस सकाळी आठला खिडकीपुढे उभा राहायच्या अवस्थेत नसतो. पासपोर्ट गेल्या 10 वर्षांत काढलेला हवा, परतीच्या तारखेनंतर किमान 3 महिने चालणारा आणि दोन पानं कोरी असलेला. प्रवासविमा किमान 30,000 युरोंचा. मोठ्यांची फी 90 युरो, व्हिसा केंद्राचं शुल्क वेगळं. आणि अर्जाच्या आदल्या आठवड्यात मेहुण्याकडून दोन लाख आणून खात्यात भरू नका, स्टेटमेंटमध्ये ते लगेच डोळ्यांवर येतं. हॉटेलं रद्द करता येतील अशीच बुक करा.

विमान शोधताना 'मल्टी-सिटी' निवडा: मुंबईहून व्हिएन्ना, येताना बुडापेस्टहून मुंबई. परत व्हिएन्नाला यायचा अर्धा दिवस वाचतो. मधलं रेल्वेचं तिकीट आधी काढलं तर बरंच स्वस्त पडतं.

कपड्यांत एक जाड स्वेटर घेऊन भागत नाही. आत अंगाला घट्ट थर्मल, त्यावर लोकरीचं, वर वारा अडवणारं जाकीट. तिथे घरं, ट्राम, संग्रहालयं सगळी तापवलेली असतात, तेव्हा वरचे थर पटापट काढता आले पाहिजेत. पैसे वाचवायचे तर जाकिटात वाचवा, बुटांत नको. मी साधे स्पोर्ट्स शूज नेले आणि दुसऱ्याच दिवशी ओल्या मोज्यांनी फिरलो.

आता रोजची आखणी. उघड्यावरचं सगळं सकाळी, छपराखालचं आणि दिव्यांचं चारनंतर. शोनब्रुन राजवाड्यात 1441 खोल्या आहेत. लोकांना दाखवतात त्यातल्या थोड्याच, पण बाग आणि मागची टेकडी उजेडातच बघा. अंधार पडला की नगरभवनासमोरचा नाताळबाजार. तो 26 डिसेंबरपर्यंत असतो, पण 24 ला दुपारपासून शहरातली दुकानं मिटतात, म्हणून महिन्याचा पहिला पंधरवडा बरा. रविवारी व्हिएन्नात किराणाही बंद. एक संध्याकाळ ऑपेराला ठेवा, उभ्याने बघायचं तिकीट अगदी स्वस्त असतं. 1843 साली 'सीता स्वयंवर' नाटक जिथे रंगलं त्या सांगलीच्या माणसाने दोन-तीन तास उभं राहायला कुरकुर करू नये!

बुडापेस्टला नदीकाठाने जाणारी 2 नंबरची ट्राम संध्याकाळी पकडा. संसदभवन उजळलेलं असतं. 1849 चा साखळी पूल पायी ओलांडताना मला आपला सांगलीचा आयर्विन पूल आठवला, तो 1929 चा. सेचेनी स्नानगृहाला अंधारातच जा. उघड्यावरच्या गरम पाण्यात बसायचं, वर वाफ आणि डोक्याला गारठा. पोहण्याचे कपडे, टॉवेल आणि रबरी चप्पल सोबत हवी.

हंगेरीत फोरिंट चालतात. कार्ड मशीनने रुपये की फोरिंट विचारलं तर फोरिंटच दाबा, रुपयांचा भाव महागात पडतो. ट्रामचं कागदी तिकीट दोन्हीकडे यंत्रात ठप्पा मारून घ्यायचं, नाहीतर तिकीट असूनही दंड.

शाकाहारींनी गुलाश म्हणजे मांसाचा रस्सा हे लक्षात ठेवावं. व्हिएन्नात सफरचंदाचा श्ट्रुडेल, बुडापेस्टात निखाऱ्यावर भाजलेला 'कुर्तोशकलाच' नावाचा गोड पाव चालेल. बाकी पिशवीत भडंग, शेंगदाण्याची चटणी, तासगावचे बेदाणे असू द्या. साताऱ्याच्या पाहुण्यांनी दिलेले कंदी पेढे मात्र मुंबई विमानतळावरच संपवा. दूध आणि मांसाचे पदार्थ बाहेरून युरोपीय संघात न्यायला बंदी आहे.