सस्पेन्शनचा कर्रकर्र आवाज असा सापडला

स्पीडब्रेकरवरनं गाडी हळू गेली की पुढनं कर्रर्र आवाज यायचा, जुनं दार उघडल्यासारखा. मेकॅनिक म्हणाला शॉकअप बदला, पण शॉकअपमधनं ऑइल कुठंच गळत नव्हतं म्हणून मी थांबलो. उभ्या गाडीत स्टेअरिंग फिरवलं, आवाज नाही, म्हणजे स्ट्रट माउंट (शॉकअप वर बॉडीला जिथं बसतो तो रबरी जोड) बहुतेक ठीक. मग भावाला बॉनेटपाशी गाडी दाबून वरखाली करायला लावली आणि मी चाकाच्या बाजूनं एकेका रबर बुशवर (सांध्यातल्या रबरी गादीवर) पाण्याचा स्प्रे मारत गेलो, स्टॅबिलायझर बारच्या (वळणावर गाडी कलू नये म्हणून असलेल्या दांड्याच्या) बुशवर पाणी पडलं आणि आवाज एकदम बंद! पाणी सुकल्यावर परत सुरू, तेव्हा खात्रीच पटली. दोन्ही बाजूंचे बुश नवीन टाकले, आतून सिलिकॉन ग्रीस लावलं. साधं ग्रीस नका लावू, त्यानं रबर फुगतं.