कमी खर्चात गाडी उंच करताना

ऑफ-रोड गाडीला स्वस्तातला लिफ्ट, म्हणजे गाडी चाकांपासून वर उचलणारं किट, बसवायचा असेल तर दीड-दोन इंचांवर थांबा. त्यापुढे गेलात की ड्राइव्ह शाफ्टचे (इंजिनाची ताकद चाकांकडे नेणाऱ्या दांड्याचे) कोन, स्टिअरिंग, सगळंच बदलावं लागतं आणि स्वस्त किट महागात पडतं.

सर्वांत स्वस्त म्हणजे स्प्रिंगवर बसणारे स्पेसर, म्हणजे उंची वाढवणारे ठोकळे. गाडी उंच दिसते, पण धक्के जिरवणारा जुना शॉक अॅब्जॉर्बर (शॉक) तेवढाच लांब राहतो. चाक खड्ड्यात लोंबकळलं की तो टोकाला जाऊन आपटतो. माझं मत स्पष्ट आहे: थोडं थांबा, पैसे साठवा, पण स्प्रिंग आणि त्यांना साजेसे लांब शॉक एकत्रच घ्या. स्प्रिंग निवडताना गाडीवर कायम असणारं वजन, म्हणजे विंच (अडकलेली गाडी ओढून काढायचं यंत्र), लोखंडी बंपर, धरा. रिकाम्या गाडीला कडक स्प्रिंग लावली तर पाठ मोडते.

बसवून झाल्यावर चासी (गाडीचा सांगाडा) जॅकवर उचलून चाकं पूर्ण लोंबू द्या आणि ब्रेकचा होज (रबरी नळी) हाताने चाचपून पाहा. ताणलेला लागला तर लांब होज टाकल्याशिवाय गाडी हलवू नका. अलाइनमेंट आणि हेडलाइटचा झोतही लगेच जुळवून घ्या.

आणि हो, सॉलिड अॅक्सल (दोन्ही चाकांना जोडणारा एकसंध आस) असेल तर डिफरन्शियलखालची, म्हणजे त्या आसावरच्या गिअरच्या फुगीर डब्याखालची, जागा लिफ्टने वाढत नाही, ती मोठ्या टायरनेच वाढते.