होर्डिंग, आरक्षण आणि हरकतींची पत्रे: परिसर समित्यांनी या चुका टाळा

मुंबई महापालिकेच्या विभाग कार्यालयात हरकतीचे पत्र दिले, दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का मारून पोच घेतली, म्हणजे आपले काम झाले, असे आमच्या परिसर समितीलाही पहिली काही वर्षे वाटत असे. पत्रात तळमळ असायची, सह्याही शंभर-दीडशे असायच्या, आणि तरीही महिनोन्महिने काही हलत नसे. पुढे ती जुनी पत्रे एकत्र बसून वाचली तेव्हा ध्यानात आले की नेमकी जागा, नेमका नियम आणि नेमकी मागणी यांपैकी एखादी तरी गोष्ट जवळजवळ प्रत्येक पत्रातून राहून गेली होती. ज्या पत्रावरून अधिकाऱ्याला लगेच पाहणी लावता येत नाही किंवा नोटीस काढता येत नाही, ते पत्र कितीही कळकळीने लिहिलेले असले तरी फायलीतच पडून राहते.

जागा कोणाची, हे न पाहता लिहिणे

आमच्या नाक्यावर एक मोठा जाहिरात फलक उभा राहिला, तेव्हा आम्ही पाच महिन्यांत तीन पत्रे पाठवली आणि तिन्ही एकाच कार्यालयाकडे पाठवली. फलकाचे लोखंडी खांब पदपथाला लागून दिसत होते, म्हणून जागा महापालिकेची असे आम्ही गृहीत धरले होते. एका रविवारी सकाळी टेप घेऊन प्रत्यक्ष गेलो आणि पाहिले, तर खांबांचा काँक्रीटचा पाया कुंपणभिंतीच्या आतल्या बाजूला होता आणि ती भिंत दुसऱ्याच सरकारी यंत्रणेची होती. समोरच्या कडुनिंबाच्या फांद्या फक्त फलकाकडच्या बाजूने सपाट कापलेल्या होत्या, हेही त्याच दिवशी जवळून पाहिल्यावर कळले. ही तक्रार उद्यान खात्याकडे जायला हवी होती, कारण झाडे तोडणे आणि छाटणे यांबाबत १९७५चा स्वतंत्र वृक्ष संरक्षण कायदा आहे. आमच्या तिन्ही पत्रांत झाडाचा उल्लेखसुद्धा नव्हता.

जागेच्या मालकीचा प्रश्न किती जीवघेणा ठरू शकतो, हे मुंबईने १३ मे २०२४ रोजी पाहिले. घाटकोपरच्या छेडानगरमध्ये पेट्रोल पंपावर कोसळलेला फलक १२० बाय १२० फुटांचा होता, तर महापालिकेची मर्यादा ४० बाय ४० फुटांची होती. ती जागा रेल्वे पोलिसांच्या ताब्यात होती आणि १७ माणसे गेल्यानंतरही परवानगी द्यायचा अधिकार नेमका कोणाचा, यावर यंत्रणांमध्ये वाद चालू राहिला. म्हणून जागेची मालकी संशयास्पद असेल तेव्हा पत्र महापालिका आणि जमीनमालक यंत्रणा या दोघांनाही द्यावे, आणि प्रत्येकाला पाठवलेल्या पत्रात दुसऱ्याला दिलेल्या प्रतीचा उल्लेख करावा, म्हणजे ‘हे आमच्याकडे येत नाही’ हे उत्तर दोघांनाही सहज देता येत नाही.

बांधकाम आणि जमीनवापराच्या बाबतीतही हाच गोंधळ होतो. वांद्रे-कुर्ला संकुलात नियोजन प्राधिकरण (म्हणजे बांधकामाला परवानगी देणारी यंत्रणा) एमएमआरडीए आहे, मरोळच्या औद्योगिक क्षेत्रात एमआयडीसी आहे, म्हाडाच्या वसाहतींत म्हाडा आहे आणि झोपडपट्टी पुनर्वसनाच्या योजनेत एसआरए आहे. पत्रात भूखंडाचा क्रमांक लिहितानाही लोक चुकतात. जमिनीच्या सरकारी मोजणीतला क्रमांक मुंबईच्या शहर भागात सी. एस. क्रमांक म्हणून चालतो, उपनगरात सी. टी. एस. क्रमांक म्हणून चालतो आणि जिथे नगररचना योजना झाली आहे तिथे अंतिम भूखंड क्रमांक असतो. केवळ ‘बँकेच्या मागचा मोकळा प्लॉट’ असे लिहिल्यास ज्याला नकाशा उघडायचा आहे त्या अभियंत्याला काहीच बोध होत नाही. आधी मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) काढावी आणि मगच पत्र लिहावे.

सगळ्या पाट्या एकाच तक्रारीत घालणे

रस्त्यावरच्या पाट्या, फलक आणि बॅनर पाहून होणारा त्रास एकच असला, तरी त्यांच्यावर कारवाई करणारे कायदे आणि खाती निरनिराळी आहेत. मोठे जाहिरात फलक मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ च्या कलम ३२८ आणि ३२८अ खाली येतात आणि त्यांची तक्रार अनुज्ञापन (परवाना) खात्याकडे करावी लागते. दुकानाच्या नामफलकावर मराठी देवनागरीत नाव आहे का आणि ते इतर लिपीतील अक्षरांपेक्षा लहान नाही ना, हा प्रश्न दुकाने व आस्थापना कायद्याचा आहे. २०२२च्या दुरुस्तीने दहापेक्षा कमी कामगार असलेली दुकानेही त्यात आली, आणि सर्वोच्च न्यायालयाने २५ सप्टेंबर २०२३ रोजी दुकानदारांना पाट्या बदलण्यासाठी दोन महिने दिल्यानंतर महापालिकेची कारवाई सुरू झाली. वाढदिवसाच्या शुभेच्छांचे आणि स्वागताचे विनापरवाना बॅनर १९९५च्या मालमत्ता विद्रूपण प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा ठरतात, त्यामुळे तिथे पोलीस ठाण्यालाही प्रत द्यावी. पदपथावर दुकानदाराने उभी केलेली लोखंडी पाटी हे अतिक्रमण आहे आणि त्यासाठी अतिक्रमण निर्मूलनाकडे जावे लागते.

हे चारही प्रकार एका पत्रात भरले की ते पत्र चार टेबलांवर फिरते आणि कोणत्याच टेबलावर निकाली निघत नाही. मला याहून महत्त्वाचे वाटते ते असे की, परवाना क्रमांक नसलेल्या प्रचंड फलकाबरोबर एखाद्या शिंप्याच्या किंवा वडापाववाल्याच्या हातभर पाटीची तक्रार एकाच दमात केली, तर गल्लीतली माणसेच समितीपासून दुरावतात. लहान दुकानदाराला आधी भेटून सांगावे, कारण बहुतेक वेळा तेवढे पुरते.

छायाचित्र देताना दिनांक, फलकावर परवाना क्रमांक दिसत असल्यास तो, आणि जवळच्या दिव्याच्या खांबावर रंगवलेला क्रमांक टिपून द्यावा. दूरवरून घेतलेल्या सुंदर छायाचित्रापेक्षा खांबाच्या तळाशी गंजून पातळ झालेल्या पट्टीचे जवळून घेतलेले छायाचित्र पाहणीसाठी अधिक उपयोगी पडते, आणि अशा छायाचित्राबरोबर संरचनात्मक स्थैर्याचे प्रमाणपत्र दाखवण्याची मागणी करता येते.

आराखडा न वाचता ‘निवासी भाग’ म्हणणे

‘हा निवासी भाग आहे, इथे दुकाने नकोत’ हे वाक्य आमच्या जुन्या पत्रांत वारंवार येते आणि ते कायद्यासमोर टिकत नाही. विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली २०३४ नुसार निवासी पट्ट्यातही अनेक वाणिज्यिक वापरांना मुभा आहे आणि ती बऱ्याच अंशी समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर अवलंबून असते. म्हणून आधी महापालिकेच्या संकेतस्थळावरून त्या भूखंडाचा डीपी रिमार्क, म्हणजे विकास आराखड्यात त्याबद्दल काय नोंद आहे याचा दाखला, काढावा. त्यात पट्टा (झोन) कोणता, मैदान किंवा शाळेसारख्या सार्वजनिक वापरासाठी आरक्षण आहे का, रस्तारेषा (नियोजित रस्त्याची हद्द) भूखंडातून जाते का, हे कळते. त्यानंतर मंजूर वापर आणि प्रत्यक्ष वापर यांत तफावत दिसली, तर हरकतीला खरा आधार मिळतो.

सर्वांत मोठे नुकसान मुदत चुकल्याने होते. आरक्षणात बदल करायचा असेल तर महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ३७ खाली राजपत्रात सूचना निघते आणि हरकती-सूचनांसाठी एक महिना मिळतो. मैदानाच्या आरक्षणाची वार्ता गल्लीत पोहोचेपर्यंत त्यातले वीस दिवस संपलेले असतात आणि उरलेले दहा बैठकीची तारीख ठरवण्यात जातात. समितीतल्या एका माणसाने दर आठवड्याला वर्तमानपत्रांतील जाहीर सूचना आणि राजपत्र पाहण्याचे काम पक्के अंगावर घ्यावे. हरकत कोणत्या अधिकाऱ्याकडे पाठवायची, हे त्या सूचनेतच छापलेले असते, आणि ते न वाचता नेहमीच्या कार्यालयात पत्र देणे ही चूक आम्ही स्वतः एकदा केली आहे.

हरकतींनी काही होत नाही, असे म्हणणाऱ्यांना मी २०१५ची आठवण देतो. फेब्रुवारी २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मुंबईच्या विकास आराखड्याच्या प्रारूपात इतक्या चुका निघाल्या आणि त्यावर हजारो हरकती आल्या की, एप्रिलमध्ये मुख्यमंत्र्यांनी तो नव्याने करण्याचे आदेश दिले, आणि सुधारित प्रारूप मे २०१६ मध्ये आले. त्या वेळी आपल्या गल्लीतली शाळा, मंदिर किंवा रस्ता नकाशावर चुकीचा दाखवला आहे, हे भूखंडावर बोट ठेवून सांगणाऱ्या हरकतींचे वजन वेगळे होते.

पत्राचा मजकूर आणि सुनावणी

एकाच मजकुराच्या दोनशे झेरॉक्स प्रती पाठवण्यापेक्षा आसपासच्या सोसायट्यांच्या व्यवस्थापन समित्यांचे ठराव जोडावेत. सुनावणीला पंचवीस जणांनी जाऊन एकाच वेळी बोलू नये. एकाने बोलावे, दुसऱ्याने नकाशा धरावा, आणि अमुक आरक्षण कायम ठेवावे की अमुक भाग वगळावा, हे पहिल्या दोन मिनिटांत सांगावे. माहिती अधिकाराचा अर्ज करताना राज्याच्या नियमांनुसार एका अर्जात एकच विषय आणि साधारणपणे १५० शब्द, ही मर्यादा लक्षात ठेवावी. परवान्याची प्रत, स्थैर्य प्रमाणपत्र आणि भूखंडाचा वापर हे सगळे एकाच अर्जात मागितले की अर्ज अडतो. ३० दिवसांत उत्तर आले नाही तर पहिले अपील करण्यासाठी पुन्हा ३० दिवसच असतात, आणि बहुतेक समित्या इथेच थकतात.

मागणी अपुरी लिहिणे ही शेवटची चूक, आणि ती आमच्या फलकाच्या बाबतीत घडली. पत्र योग्य यंत्रणेकडे गेल्यावर जाहिरात उतरवली गेली, पण आम्ही ‘फलक हटवावा’ एवढेच लिहिले होते. कापड गेले, सांगाडा तसाच उभा राहिला, आणि पावसाळा तोंडावर आला असताना आम्हाला पुन्हा नव्याने पत्रव्यवहार करावा लागला. आता आमच्या प्रत्येक पत्राच्या अखेरीस एक ओळ ठरलेली असते: फलक त्याच्या लोखंडी सांगाड्यासह व पायासह काढावा, खड्डा भरून पदपथ पूर्ववत करावा, आणि काम झाल्याचा दिनांक समितीला लेखी कळवावा.