लिनक्स डेस्कटॉपवर वेगळं साउंड कार्ड: बसवण्यापासून आवाज येईपर्यंत

नवं पीसीआय एक्सप्रेस साउंड कार्ड बसवलं आणि स्पीकर गप्प राहिले, तर बहुतेक वेळा दोष ड्रायव्हरचा नसतो. लिनक्समध्ये आवाज चार टप्प्यांतून जातो: कर्नलमधला (लिनक्सच्या गाभ्यातला) ड्रायव्हर, अल्साचा (कर्नलच्या आवाजव्यवस्थेचा) मिक्सर, पाइपवायर (प्रोग्रामांचा आवाज कार्डाकडे पोहोचवणारी सेवा, जुन्या वितरणांत पल्सऑडिओ) आणि शेवटी प्रोग्राम. तपासणी याच क्रमाने, खालून वर करा. आधी प्रोग्रामच्या सेटिंगमध्ये शिरलात तर तासन्‌तास जातात आणि अडचण भलतीकडेच असते.

कार्ड निवडताना खोक्यावरच्या नावापेक्षा आतली चिप महत्त्वाची. क्रिएटिव्हचं ऑडिजी आरएक्स 'ईएमयू१०के१' ड्रायव्हरवर चालतं, तर असुसची झोनार डीएक्स आणि एसेन्स एसटीएक्स 'व्हर्चुओसो'वर. साउंड ब्लास्टर झेडवर सीए०१३२ चिप असते आणि ती 'एसएनडी-एचडीए-इंटेल' ड्रायव्हर वापरते. मदरबोर्डचा आवाज आणि ग्राफिक्स कार्डाचा एचडीएमआय आवाजही सहसा याच ड्रायव्हरवर असतो. हे लक्षात ठेवा, पुढे कामी येईल. उत्पादकाच्या विंडोज पॅनेलमधली सगळी इफेक्ट्स लिनक्सवर मिळतील अशी अपेक्षा मात्र ठेवू नका.

बसवताना

संगणक बंद करून पॉवर केबल काढा आणि पॉवरचं बटण काही सेकंद दाबून उरलेला चार्ज घालवा. एक्स-१ कार्ड एक्स-४ किंवा एक्स-१६ स्लॉटमध्येही चालतं. शक्य असेल तर ग्राफिक्स कार्डापासून लांबचा स्लॉट घ्या. झोनार डीएक्ससारख्या काही कार्डांना पॉवर सप्लायमधून वेगळी ४ पिनांची केबल जोडावी लागते. ती विसरली तर कार्ड नीट चालत नाही.

कॅबिनेटच्या पुढच्या जॅकची केबल मदरबोर्डवरच राहिली, तर त्या जॅकला नव्या कार्डाचा आवाज कधीच येणार नाही. ती काढून कार्डाच्या फ्रंट पॅनेल हेडरवर लावा. केबलवर 'एचडी ऑडिओ' आणि 'एसी९७' असे दोन कनेक्टर असतील तर कार्डाच्या माहितीपत्रकात सांगितलेलाच वापरा.

ड्रायव्हर

पुढच्या सगळ्या आज्ञा टर्मिनलमध्ये रोमन लिपीत टाइप करायच्या. 'एलएसपीसीआय -के' चालवा आणि यादीत 'ऑडिओ' किंवा 'मल्टिमीडिया' असलेली ओळ शोधा. तिच्या खाली 'कर्नल ड्रायव्हर इन यूज' दिसलं म्हणजे हा टप्पा पार झाला. कार्डच यादीत नसेल तर ते स्लॉटमध्ये नीट बसलेलं नाही किंवा बायोसमध्ये स्लॉट बंद आहे. कार्ड दिसतं पण ड्रायव्हरची ओळ नाही, असं असेल तर 'डीमेसेज'मध्ये (कर्नलच्या नोंदी, टाइप करताना 'डीएमईएसजी') चूक शोधा. साउंड ब्लास्टर झेडला फर्मवेअरची (चिपच्या आत चालणाऱ्या प्रोग्रामची) फाइल लागते, म्हणून फर्मवेअरचं पॅकेज अद्ययावत ठेवा.

त्यानंतर 'एप्ले -एल' चालवा. तिथे प्रत्येक कार्डाचा आणि त्यावरच्या डिव्हाइसचा क्रमांक दिसतो. नव्या कार्डाचा क्रमांक टिपून ठेवा. खालच्या उदाहरणांत तो १ धरला आहे.

मिक्सर

सर्वांत जास्त लोक इथेच अडकतात. अल्सामध्ये नव्या कार्डाचे चॅनेल म्यूट असू शकतात. 'अल्सामिक्सर' उघडा, एफ६ दाबून कार्ड निवडा. पट्टीखाली 'एमएम' म्हणजे बंद, 'ओओ' म्हणजे चालू. एम ही कळ दाबली की अवस्था बदलते. मास्टर, पीसीएम आणि फ्रंट तिन्ही तपासा. माइकसाठी एफ४ दाबा आणि हवा तो इनपुट स्पेसबारने चालू करा.

काही कार्डांना स्वतःचे वेगळे स्विच असतात, आणि नेमके तेच नजरेतून सुटतात. ऑडिजी कार्डांवर 'ॲनालॉग/डिजिटल आउटपुट जॅक' नावाचा स्विच असतो. तो डिजिटलकडे असेल तर बाकी सगळं बरोबर असूनही साधे स्पीकर गप्प राहतात. एसेन्स एसटीएक्सवर स्पीकर, हेडफोन आणि पुढचा हेडफोन यांतला एक मार्ग निवडावा लागतो, शिवाय हेडफोनच्या इम्पिडन्सचा (ओहममधल्या विद्युत विरोधाचा) पर्यायही असतो. तो आधी सर्वांत खालचा ठेवा. कमी इम्पिडन्सच्या हेडफोनवर वरचा पर्याय लावला तर आवाज एकदम कानठळ्या बसवणारा होतो.

आता खालचे दोन टप्पे पारखून घ्या: 'स्पीकर-टेस्ट', पुढे '-डी' (डी मोठा) 'प्लगएचडब्ल्यू:१,०', मग '-सी २ -टी वेव्ह' (टाइप करताना 'डब्ल्यूएव्ही'). डाव्या-उजव्या बाजूचा आवाज आळीपाळीने आला की कार्ड, केबल आणि मिक्सर ठीक आहेत. 'डिव्हाइस बिझी' असं उत्तर आलं तर पाइपवायरने कार्ड धरून ठेवलं आहे. वाजणारे प्रोग्राम बंद करा, थोडं थांबा आणि पुन्हा चालवा. जमलं की 'सुडो अल्सासीटीएल स्टोअर' ही आज्ञा देऊन मिक्सरची स्थिती जतन करा.

पाइपवायर

'डब्ल्यूपीसीटीएल स्टेटस' चालवा. 'सिंक्स'खाली आउटपुटची यादी येते आणि सध्याच्या मुख्य आउटपुटपुढे तारा असतो. या यादीतला नव्या कार्डाचा क्रमांक (आधी टिपलेला नव्हे) घेऊन 'डब्ल्यूपीसीटीएल सेट-डिफॉल्ट' द्या. कार्ड यादीत दिसतच नसेल तर 'पल्सऑडिओ व्हॉल्यूम कंट्रोल' उघडा आणि 'कॉन्फिगरेशन' टॅबमध्ये त्याचं प्रोफाइल बघा. ते 'ऑफ' असू शकतं. 'आयईसी९५८' नावाचं प्रोफाइल ऑप्टिकल किंवा कोअ‍ॅक्सियल डिजिटलसाठी आहे. साध्या स्पीकरसाठी 'ॲनालॉग स्टिरिओ' निवडा. एखादाच प्रोग्राम जुन्या कार्डावर वाजत असेल तर 'प्लेबॅक' टॅबमध्ये त्याच्या नावासमोर आउटपुट बदला, ती निवड लक्षात ठेवली जाते.

मदरबोर्डचा आवाज कायमचा नको असेल तर बायोसमधून बंद करणं सर्वांत स्वच्छ. 'एसएनडी-एचडीए-इंटेल' ब्लॅकलिस्ट केला (कर्नलला तो ड्रायव्हर लोड करू दिला नाही) तर एचडीएमआयचा आवाजही जातो, आणि साउंड ब्लास्टर झेड असेल तर नवं कार्डच मुकं होतं.

पाइपवायर मुळात ४८००० हर्ट्झवर चालतो, म्हणून सीडीच्या ४४१०० हर्ट्झच्या फाइलचं रूपांतर होतं. हे रूपांतर चांगल्या दर्जाचं असतं, फारसं कुणाला ऐकूही येणार नाही. तरी ते टाळायचं असेल तर होम फोल्डरमधल्या '.कॉन्फिग/पाइपवायर/पाइपवायर.कॉन्फ.डी' इथे .कॉन्फ फाइल करा, 'कॉन्टेक्स्ट.प्रॉपर्टीज'मध्ये 'डिफॉल्ट.क्लॉक.अलाउड-रेट्स' लिहून ४४१००, ४८००० आणि ९६००० द्या आणि पाइपवायरची सेवा पुन्हा सुरू करा. दुसरं काही वाजत असताना रेट बदलत नाही, त्यामुळे ब्राउझर बंद करून बघा. खातरजमा करण्यासाठी गाणं चालू ठेवून '/प्रोक/असाउंड/कार्ड१/पीसीएम०पी/सब०/एचडब्ल्यू_पॅराम्स' वाचा. 'रेट: ४४१००' दिसलं की काम झालं. 'क्लोज्ड' दिसलं तर त्या मार्गाने काहीच जात नाहीये.

टक आवाज, तुटणं आणि गुणगुण

थोडा वेळ शांतता गेल्यावर सुरू होताना 'टक' येत असेल तर ते वीज वाचवण्यामुळे. एचडीए कार्डांवर मॉड्यूलला 'पॉवर_सेव्ह=०' द्या. इतर कार्डांवर वायरप्लंबरमध्ये (पाइपवायरची डिव्हाइसं सांभाळणारा प्रोग्राम) 'सेशन.सस्पेंड-टाइमआउट-सेकंड्स' शून्य करा. या नियमाच्या फाइलची पद्धत वायरप्लंबर ०.५ पासून बदलली आहे, जुन्या आवृत्तीसाठीचा लुआ भाषेतला नियम चालणार नाही.

आवाज तुटत असेल तर 'पीडब्ल्यू-टॉप'मध्ये चुकांचा रकाना बघा. आकडा वाढत असेल तर क्वांटम (एका वेळी प्रक्रिया होणाऱ्या नमुन्यांची संख्या) वाढवा. ४८००० हर्ट्झवर १०२४ चा क्वांटम म्हणजे सुमारे २१ मिलिसेकंद, गाणी ऐकायला उत्तम. २५६ वर ते सुमारे ५ होतं, ते वाद्य वाजवताना किंवा रेकॉर्डिंग करतानाच लागतं.

सतत गुणगुण येत असेल तर ती ग्राउंड लूपची (दोन उपकरणांच्या अर्थिंगमधून फिरणाऱ्या विजेची) असू शकते. स्पीकर आणि संगणक एकाच पॉवर स्ट्रिपवर लावून बघा. गुणगुण हेडफोनवर गेली आणि स्पीकरवर राहिली, तर दुसरं महागडं कार्ड घेऊनही ती जाणार नाही. तिथे ऑप्टिकल केबल किंवा आयसोलेटर (दोन उपकरणांतला थेट विद्युत संबंध तोडणारं साधन) लागतो.