जुन्या-नव्या कलमांचा गोंधळ टाळण्यासाठी

पणजी-मडगावात इंटर्नशिप करताना हमखास अडचण येते: सीनियर वकील जुन्या कलमांच्या आकड्यांत बोलतात, आपण मात्र १ जुलै २०२४ पासूनचे नवे फौजदारी कायदे शिकलेलो असतो.

१. नव्या बेअर अ‍ॅक्टमध्ये (फक्त कायद्याचा मूळ मजकूर असलेल्या पुस्तकात) प्रत्येक महत्त्वाच्या कलमाच्या समासात जुना आकडा पेन्सिलीने लिहा. उदा. नव्या भारतीय न्याय संहितेत १०३ पुढे जुन्या दंड संहितेचं ३०२ (खून), ३१८ पुढे ४२० (फसवणूक).

२. शेवटच्या कोऱ्या पानावर उलटी यादी करा, डावीकडे जुना आकडा, उजवीकडे नवा. कोर्टात खरी उपयोगी पडते ती हीच, कारण कानावर जुना आकडा पडतो. वीस-पंचवीस कलमं पुरतात. कदंबच्या बसमध्ये रोज पाच मिनिटं डोळ्यांखालून घाला.

३. दोन्हीकडे येणारे आकडे लाल पेनाने गोल करा. ४८२ बघा: जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत तो हायकोर्टाचा अंगभूत अधिकार होता (आता ५२८), नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ४८२ म्हणजे अटकपूर्व जामीन, जुनं ४३८. इथे चूक झाली तर अर्जाचं शीर्षकच चुकतं, म्हणून मी हा आकडा दोनदा गोल केलाय.

आकडा लिहिण्याआधी गुन्ह्याची तारीख मात्र बघाच. १ जुलै २०२४ पूर्वीच्या गुन्ह्याला भारतीय दंड संहिताच लागते, खटला आज चालू असला तरी. आणि ही खुणांची प्रत परीक्षेला नेऊ नका, तिथे कोरी प्रत वेगळी ठेवा.